विकतचे ऊन

आम्ही गोमंतकीय उन्हात निघालो की छत्री उघडतो. पाश्चात्त्य देशांत मात्र कातडी रापावी म्हणून पैसे मोजून सनबेडवर, म्हणजे विजेच्या दिव्यांखाली, निजण्याची चाल पडली. त्या दिव्यांचे अतिनील किरण त्वचेच्या पेशींतील आनुवंशिक द्रव्य बिघडवितात. रापणे ही त्या इजेचीच खूण होय. मेलबर्नची क्लेअर ऑलिव्हर २००७ साली, अवघ्या २६ व्या वर्षी, त्वचेच्या कर्करोगाने वारली. अखेरच्या दिवसांतही ती सनबेडविषयी इतरांस सावध करीत होती. २००९ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने सनबेडला तंबाखूच्या पंक्तीस बसविले. इंग्लंडात १८ वर्षांखालील मुलांनाच मनाई आहे. आम्हांस ती अपुरी वाटते. अठरावे सरले म्हणून कातडी काही निबर होत नाही! ब्राझीलने २००९ साली सौंदर्यासाठी सनबेड वापरण्यास सर्वांनाच बंदी केली, आणि २०१५ च्या आरंभापासून क्लेअरच्या प्रांतातही हा धंदा बंद झाला.