गाडीचा कोड म्हणजे निकाल नव्हे

कापडाच्या धंद्यात गाडी म्हणजे चालते दुकान. हरसूलच्या बाजाराला निघालेली गाडी घाटात बंद पडली, तर त्या दिवसाची विक्री बुडालीच म्हणायची. म्हणून आमच्यावर बेतलेला एक प्रसंग व्यापारी बांधवांपुढे ठेवत आहोत.

गेल्या पावसाळ्यात घाट चढताना आमच्या गाडीचा इंजिनचा पिवळा दिवा लागला आणि हेडलाइट मंद झाले. गॅरेजमध्ये यंत्र जोडल्यावर 'पी०५६२' असा कोड आला. मिस्त्री लगेच म्हणाले, "अल्टरनेटर गेला, नवा टाका." खर्च हजारोंचा होता. आम्ही एक दिवस थांबलो.

या कोडची भाषा अवघड नाही. 'पी' म्हणजे इंजिन व गिअरचा विभाग. पुढचे शून्य म्हणजे सर्व कंपन्यांना लागू असलेला कोड. तेथे १ असता तर तो त्या कंपनीचा स्वतःचा. ०५६२ चा अर्थ एवढाच, की गाडीच्या वीजव्यवस्थेत दाब कमी आहे. का कमी आहे, हे कोड सांगत नाही. ताक्यावरच्या चिठ्ठीने माल कुठला ते कळते. भोक कुठे आहे, ते ताका उलगडूनच पाहावे लागते.

उलगडायला साधा मीटर पुरतो. बॅटरी पूर्ण भरलेली व गाडी काही तास बंद असेल, तर सुमारे १२.६ व्होल्ट दिसावेत. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ हवेत. आमच्या गाडीत इंजिन चालू, दिवे चालू, तरी बॅटरीवर ११.६ च होते. मात्र अल्टरनेटरच्या जाड तारेच्या नटावर मीटर लावला, तर १४.२! म्हणजे अल्टरनेटर कमावत होता, कमाई वाटेतच गळत होती. तार चाचपली तर टोकाशी गरम लागली. बॅटरीकडच्या टोकावर हिरवट बुरशी चढली होती. टोक कापून नवा थिंबल बसवला, तेव्हा बॅटरीवरही १४ च्या वर आकडा आला. दोन्हीकडे ११.६ असते, तर मात्र पट्टा तपासून मग अल्टरनेटरवर शंका घेणे रास्त होते.

तीन गोष्टी ध्यानात ठेवा. कोड पुसण्याआधी कागदावर लिहून घ्या. पुसल्याने दोष जात नाही. तारेला हात घालण्यापूर्वी इंजिन बंद करून बॅटरीची ऋण तार आधी काढा. आणि इंजिन चालू असताना बॅटरीची तार काढून अल्टरनेटर तपासण्याची जुनी रीत सोडा. दाब एकदम उसळून गाडीचा संगणक जळू शकतो, आणि तो अल्टरनेटरपेक्षा महाग पडतो.

आमचे मिस्त्री बांधवही हे काम करतात. त्यांना विनंती एवढीच, की ग्राहकाची गाडी ही अमानत आहे. मीटर लावून, आकडा दाखवून मगच भाग बदला. पाच मिनिटे जास्त जातील, पण भरवसा कायमचा राहील.