तुर्कीचे ‘येऊन, जाऊन, जेवल्याशिवाय’

इस्तंबूलमधील माझ्या पहिल्या हिवाळ्यातील प्रसंग. औषधाच्या दुकानातील बाईंनी गोळ्यांचे पाकीट हाती देताना सांगितले, ‘येमेक येमेदेन इच्मेयिन’. ‘येमेक’ म्हणजे जेवण, ‘येमेदेन’ म्हणजे न जेवता, एवढे मला कळले. वाक्याच्या शेवटाकडे मात्र लक्ष राहिले नाही. तीन दिवस मी त्या गोळ्या उपाशीपोटी घेतल्या आणि पोटदुखीने हैराण झालो. बाईंचे सांगणे नेमके उलट होते: ‘जेवल्याशिवाय घेऊ नका.’

ही चूक शब्दसंग्रहाची नव्हती. तुर्की वाक्यात एक क्रिया दुसरीशी कशी जोडली जाते, हे मला ठाऊक नव्हते. नोकरीनिमित्त तुर्कस्तानात येणाऱ्या मराठी मंडळींना या ठिकाणी एक मोठा लाभ आहे, पण इंग्रजीतून तुर्की शिकताना तो बहुधा ध्यानात येत नाही.

इंग्रजी दोन क्रिया उभयान्वयी अव्ययांनी जोडते. तुर्की हे काम बहुतांशी धातूला प्रत्यय लावून करते, आणि मराठीही तेच करते. ‘एवे गेलिप येमेक येदी’ म्हणजे ‘घरी येऊन जेवला’. ‘गेल’ म्हणजे येणे. त्याला ‘इप’ जोडला की ‘येऊन’. आधीच्या स्वरानुसार हा प्रत्यय बदलतो: ‘गेलिप’, पण ‘ओतुरुप’ (बसून). काळ आणि पुरुष केवळ अखेरच्या क्रियापदावर येतात. ‘ओतुरुप कोनुश्तुक’ म्हणजे ‘बसून बोललो’, तर ‘ओतुरुप कोनुशुरुझ’ म्हणजे ‘बसून बोलू’. ‘ओतुरुप’ दोन्हीकडे तेच राहते, जसे आपले ‘बसून’.

इतर प्रत्ययांनाही मराठीत जोडीदार सापडतात. ‘येर्केन’ म्हणजे जेवताना. ‘येदिक्तेन सोन्रा’ म्हणजे जेवल्यानंतर. ‘ओकुदुक्चा’ म्हणजे जसजसे वाचत जावे तसतसे. ‘बाबाम गेलिन्जे येरिझ’ म्हणजे ‘बाबा आले की जेवू’. या शेवटच्या वाक्यात येणारे बाबा आणि जेवणारे आपण, असे कर्ते वेगळे आहेत. ‘इन्जे’ला ते चालते, ‘इप’ला मात्र सामान्यतः दोन्ही क्रियांचा कर्ता एकच लागतो. मराठीतही ‘बाबा येऊन आपण जेवू’ असे कोणी म्हणत नाही.

तुर्की आणि मराठी ही भाषाकुले वेगळी आहेत. हे साम्य रक्ताच्या नात्याचे नव्हे. भाषाशास्त्रज्ञ कॉलिन मासिका यांनी १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात ‘येऊन’सारख्या रूपांचा आशियातील विस्तार तपासला होता. क्रियापद शेवटी ठेवणाऱ्या भाषांमध्ये अशी रूपे वारंवार आढळतात.

मात्र साम्याच्या भरवशावर बेसावध राहू नये. मराठी ‘ऊन’ दोन कामे करतो. ‘घरी येऊन जेवला’ यात क्रम आहे. ‘हसून म्हणाला’ यात रीत आहे. तुर्कीत रीतीसाठी निराळा प्रत्यय लागतो: ‘ग्युलेरेक’, म्हणजे हसत. तेथे ‘ग्युल्युप’ वापरल्यास ऐकणाऱ्याला आधी हसला, मग बोलला, असे दोन प्रसंग वाटू शकतात. म्हणून ‘ऊन’ वापरण्यापूर्वी स्वतःला विचारावे: येथे ‘आणि मग’ बसते, की ‘कसे’ या प्रश्नाचे उत्तर मिळते? पहिल्यास ‘इप’, दुसऱ्यास ‘एरेक’.

दुसरी सवय ऐकण्याची. कार्यालयात ‘कागद आल्यावर पैसे देऊ’ आणि ‘कागद आल्याशिवाय पैसे देणार नाही’ ही दोन्ही वाक्ये कानी पडतात. निर्णय असतो तो शेवटच्या क्रियापदात. मधल्या ‘येमेदेन’सारख्या रूपावर अर्थ ठरवून मोकळे होऊ नये, ‘इच्मेयिन’मधील ‘मे’, म्हणजे नकार, कानावर येईपर्यंत थांबावे.

तुर्की प्रत्ययांचा तक्ता इंग्रजी अर्थांसह पाठ करण्याऐवजी प्रत्येकासमोर एक मराठी रूप लिहून पाहावे: येऊन, हसत, जेवताना, आल्यावर, जेवल्याशिवाय. माझ्या वहीतील पहिली नोंद अर्थातच ‘जेवल्याशिवाय’ची आहे.