कामाची जागा आणि नफ्याचा वाटा

घरून काम करण्याची पद्धत करोनाने आणली, हा या विषयातला सर्वांत ढोबळ गैरसमज. मार्च २०२० मध्ये ती एकदम लाखो पगारदारांच्या वाट्याला आली, एवढेच खरे. टेलिफोन आणि संगणकाच्या काळापुरते बोलायचे तरी १९७३ साली अमेरिकेत जॅक निलेस यांनी 'टेलिकम्युटिंग'ची कल्पना मांडली होती. माणसाने रोज गाडी हाकत कामाकडे जाण्यापेक्षा काम तारेवरून माणसाकडे यावे, असा त्यांचा हिशेब होता. त्याच वर्षीच्या तेलसंकटाने त्याला वजन आले.

महाराष्ट्राला यासाठी अमेरिकेकडे पाहण्याची गरज नाही. सोलापूर, सिन्नर, गोंदिया या भागांत बायका घरी बसून बिड्या वळत आल्या, त्याला कित्येक दशके झाली. पाने आणि तंबाखू कारखानदाराची किंवा त्याच्या ठेकेदाराची, जागा आणि हात बाईचे, मजुरी हजार बिड्यांमागे. खराब म्हणून बाजूला काढलेल्या बिड्यांचा तोटा तिच्याच पदरी. दुसरीकडे, १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातल्या सात गृहिणींनी ८० रुपये उसने घेऊन इमारतीच्या गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली. तीच पुढे श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड ही संस्था झाली. तिच्यातही काम घरीच होते. पीठ शाखेत मळले जाते. सभासद बायका, संस्थेच्या भाषेत 'बहिणी', सकाळी आदल्या दिवशीचे वाळलेले पापड आणून देतात, लाटणीचे पैसे घेतात आणि मळलेले पीठ घेऊन घरी जातात. पीठ एका जागी मळल्यामुळे चव आणि दर्जा सांभाळला जातो, म्हणून लाटणी हजारो घरांत विखुरली तरी चालते. बिडीशी फरक इथे नाही. फरक हा की लाटणारी प्रत्येक बहीण संस्थेची सहमालक आहे. नफा झाला तर त्यात तिचा हिस्सा, तोटा झाला तर त्यातही.

दोघी घरीच बसतात, दोघींना नगावर किंवा वजनावर पैसे मिळतात. म्हणजे काम कुठे होते आणि त्यातून उभे राहिलेले मूल्य कुणाच्या हाती जाते, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. आजच्या चर्चेत ते सर्रास एकात मिसळले जातात, आणि पुढचे बहुतेक गैरसमज त्यातून येतात.

घरी बसले की काम कमी होते, असे मालकवर्ग मानतो. घरून काम जास्त होते, असे नोकरदार सांगतात. दोन्ही विधानांना आधार सापडतो, कारण उत्तर कामाच्या जातीवर आणि घराच्या परिस्थितीवर ठरते. यातला सर्वांत गाजलेला प्रयोग चीनमधल्या सीट्रिप या प्रवास कंपनीच्या शांघायच्या कॉल सेंटरमधला. स्टॅनफर्डचे अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वेच्छेने पुढे आलेल्या कर्मचाऱ्यांपैकी सम तारखेला जन्मलेल्यांना नऊ महिने घरून काम दिले आणि बाकीच्यांना कचेरीत ठेवले. घरच्या गटाची कामगिरी १३ टक्क्यांनी वाढली. त्यातला मोठा भाग, सुमारे ९ टक्के, केवळ जास्त वेळ काम झाल्यामुळे होता: मधल्या सुट्ट्या कमी, आजारपणाच्या रजा कमी. नोकरी सोडणाऱ्यांचे प्रमाण निम्म्यावर आले. एवढे सांगून गोष्ट बहुधा थांबवली जाते. पण प्रयोग संपल्यावर निवड दिली तेव्हा घरी बसलेल्यांपैकी जवळपास निम्मे कचेरीत परतले. एकटेपणा हे त्यांचे मोठे कारण होते. शिवाय सारखीच कामगिरी असलेल्यांत घरून काम करणाऱ्यांना बढती मिळण्याचे प्रमाण कमी होते. साहेबाच्या नजरेआड असण्याची ही किंमत.

चेन्नईत डेटा एंट्रीच्या कामावर झालेल्या प्रयोगाचा निकाल उलटा लागला. तिथे कोण घरी आणि कोण कचेरीत हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ठरवले होते. घरच्या गटाची उत्पादकता कचेरीतल्यांपेक्षा १८ टक्के कमी भरली. त्यातली दोन तृतीयांश तफावत पहिल्याच दिवसापासून होती. उरलेली कचेरीतले लोक काम लवकर शिकल्यामुळे वाढली. ज्यांना घरून काम हवेच होते, त्यांची घरची घट इतरांहून अधिक होती, ही त्यातली सर्वांत बोलकी बाब. मुलेबाळे, म्हातारी माणसे, स्वयंपाक ज्यांच्या गळ्यात आहे त्यांना घर सोडवत नाही आणि घरी निवांतपणाही मिळत नाही, असा त्याचा एक अर्थ लागतो. शांघायच्या प्रयोगात स्वतंत्र खोली असलेल्यांनाच घेतले होते, हे इथे लक्षात ठेवायला हवे. दोन खोल्यांच्या घरात ती अट कशी पुरी करायची, याचे उत्तर कुठल्याच आकडेवारीत नाही.

आशियातल्या एका मोठ्या आयटी सेवा कंपनीच्या १० हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांच्या नोंदींतून तिसरे चित्र दिसले. टाळेबंदीत कामाचे तास वाढले, हातून होणारे काम थोडे घटले, त्यामुळे तासामागची उत्पादकता ८ ते १९ टक्क्यांनी खाली आली. बैठका वाढल्या आणि सलग, अडथळ्याविना कामाचा वेळ कमी झाला. 'आम्ही घरून जास्त काम करतो' हे नोकरदारांचे म्हणणे तासांपुरते खरे होते, असा याचा निष्कर्ष.

या सगळ्यात सर्वांत निर्विवाद निकाल मधल्या मार्गाचा आहे. सीट्रिपच्याच, आता ट्रिप डॉट कॉम म्हणवणाऱ्या कंपनीत १,६१२ कर्मचाऱ्यांवर झालेला दुसरा प्रयोग २०२४ मध्ये 'नेचर'मध्ये आला. आठवड्यातून दोन दिवस घरून काम दिल्याने नोकरी सोडण्याचे प्रमाण एक तृतीयांशाने घटले, आणि दोन वर्षांच्या मूल्यमापनात किंवा बढत्यांत काहीही फरक पडला नाही. कामगिरी खालावेल असे तिथल्या व्यवस्थापकांना आधी वाटत होते; प्रयोगानंतर त्यांचे मत बदलले.

कचेऱ्या संपल्या, हे भाकीतही फसले. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने २०२० मध्ये जाहीर केले होते की २०२५ पर्यंत कोणत्याही वेळी २५ टक्क्यांहून अधिक कर्मचाऱ्यांनी कचेरीत असण्याची गरज उरणार नाही. २०२३ च्या ऑक्टोबरपासून त्याच कंपनीने बहुतेकांना आठवड्याचे पाचही दिवस बोलावले. मुळात हा प्रश्न थोड्यांचाच आहे. अमेरिकेत सुमारे ३७ टक्के नोकऱ्या पूर्णपणे घरून करता येण्याजोग्या असल्याचा अंदाज शिकागोच्या दोन अर्थतज्ज्ञांनी २०२० मध्ये काढला होता, आणि गरीब देशांत हे प्रमाण बरेच कमी असल्याचेही दाखवले होते. भारतात २०२३-२४ च्या श्रमशक्ती सर्वेक्षणानुसार काम करणाऱ्यांपैकी ४६ टक्के शेतीत आहेत. नांगरट व्हिडिओ कॉलवर होत नाही.

घरून काम हा कायद्याने मिळालेला हक्क आहे, असेही अनेकांना वाटते. मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली झालेल्या दुरुस्तीचा त्यासाठी हवाला दिला जातो. ती तरतूद एवढीच सांगते की कामाचे स्वरूप तसे असेल, तर रजा संपल्यावर मालक आणि कर्मचारी परस्पर संमतीने घरून काम ठरवू शकतात. संमती नसेल तर हक्कही नाही. विशेष आर्थिक क्षेत्रांसाठी जुलै २०२२ मध्ये आलेला नियमही कंपनीला मुभा देणारा होता. घरी बसून मजुरी करणाऱ्यांच्या बाबतीत कायदा उलट जास्त स्पष्ट होता: १९६६ च्या बिडी-सिगार कामगार कायद्याने घरी बिड्या वळणाऱ्यांनाही कामगार मानले, आणि १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा वैध ठरवला. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ मध्ये गृहकामगारांसाठी स्वतंत्र करार केला. त्याला भारताने मंजुरी दिलेली नाही. नोकरदाराने अधूनमधून घरी केलेले काम त्या करारात धरलेले नाही.

आता दुसरा प्रश्न, मूल्याच्या वाटणीचा. 'सामायिक मूल्य' म्हणजे कंपन्यांचा सीएसआर, ही समजूत भारतात पक्की आहे. हार्वर्डचे मायकेल पोर्टर आणि त्यांचे सहकारी मार्क क्रेमर यांनी २०११ च्या ज्या लेखात ही कल्पना मांडली, तिथे दोन्हींत मुद्दाम फरक केला आहे. सीएसआर नफ्यातून बाजूला काढलेला खर्च. सामायिक मूल्य म्हणजे समाजाची गरज भागवता भागवताच धंदा वाढवणे. भारतीय कायदाही ही सीमा आखतो. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ५०० कोटी रुपये निव्वळ मालमत्ता, १,००० कोटी उलाढाल किंवा ५ कोटी निव्वळ नफा यांपैकी एक निकष ओलांडणाऱ्या कंपनीने आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची असते. नेहमीच्या व्यवसायाचा भाग असलेले काम, किंवा फक्त स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या फायद्याचे काम, या खर्चात धरता येत नाही. म्हणजे कर्मचाऱ्यांना घरून कामाची सोय देणे कितीही भले असो, ते सीएसआर होत नाही.

पोर्टर-क्रेमर यांनी दिलेले एक उदाहरण पंजाबातल्या मोग्याचे आहे. नेस्लेने तिथे १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला दुधाचा कारखाना काढला, गावोगाव थंडगार साठवणीची केंद्रे उभारली, पशुवैद्य आणि चाऱ्याचा सल्ला पुरवला, कारण त्यावाचून चांगले दूध मिळणार नव्हते. २०११ च्या लेखात जळगावच्या जैन इरिगेशनचेही नाव आहे: पाणी वाचवणारे ठिबक सिंचन विकून झपाट्याने वाढणारी कंपनी. याच कंपनीने जळगाव भागात पांढऱ्या कांद्याची करारशेतीही केली. पुढे ती कर्जाच्या विळख्यात सापडली आणि २०१९ मध्ये तिची देणी थकली. ठिबकने पाणी वाचायचे थांबले नव्हते. समाजोपयोगी माल विकला की धंदा सुरक्षित राहतो, हा समज त्यामुळे टिकत नाही. भांडवल, व्याज आणि सरकारी अनुदानाची थकबाकी यांचे गणित वेगळेच चालते. टीकाकारांचा आक्षेपही याच अंगाने आहे. समाज आणि कंपनी यांचे हित जिथे जुळते तिथलीच उदाहरणे ही कल्पना निवडते, आणि जिथे ते एकमेकांवर आदळते तिथे गप्प बसते. हा आक्षेप रास्त आहे.

घरून काम म्हणजे आपोआप सामायिक मूल्य, हा शेवटचा आणि सर्वांत नवा गैरसमज याच टापूतला. पर्यावरणाचा फायदा पाहा. अमेरिकेतल्या आकडेवारीवर आधारलेल्या २०२३ च्या एका अभ्यासानुसार पूर्णपणे घरून काम केल्यास कर्मचाऱ्याचा कार्बन-भार ५४ टक्क्यांपर्यंत घटू शकतो, पण आठवड्यातून एकच दिवस घरी राहिल्यास फक्त २ टक्के. खर्चाचेही तसेच. जागेचे भाडे, वीज, कॅन्टीन कंपनीच्या खर्चातून कमी होते. खुर्ची, इन्व्हर्टर, इंटरनेट आणि वातानुकूलन कर्मचाऱ्याच्या घरखर्चात येते. वाचलेल्या भाड्यातला काही भाग भत्ता म्हणून परत दिला, तर मूल्य वाटले गेले. दिला नाही, तर खर्चाची फक्त जागा बदलली.

गावाकडे काम नेण्याचा दाखला म्हणून झोहो या सॉफ्टवेअर कंपनीचे नाव घेतले जाते. २०११ मध्ये तिने तमिळनाडूत तेनकासीजवळच्या मथलमपरै या गावात कार्यालय उघडले. हे घरून काम नव्हे, खेड्यातली कचेरी आहे. पदवीधरांऐवजी शाळेनंतरची मुले घेऊन त्यांना स्वतःच शिकवायचे, असे स्वतंत्र विद्यालय कंपनी त्याआधीपासून चालवत होती. पगार गावात खर्च होतो. कंपनीची मालकी मात्र खासगी हातीच राहते, तिथे लिज्जतसारखी सहमालकी नाही.