तीन छप्पन्ननंतरची झोप

३० सप्टेंबर जवळ आला की आमच्या भागात दरवर्षी तेच होतं. किल्लारीच्या भूकंप स्मृतिस्तंभावर पुष्पचक्र वाहतात, मानवंदना देतात, भाषणांत मृतांचा आकडा सांगतात. सरकारी आकडा आठ हजारांच्या आसपासचा, इतर नोंदी दहा हजारांच्या जवळ जाणाऱ्या. मग वक्ता ज्या पक्षाचा असेल त्या हिशेबाने पुनर्वसनाचं श्रेय वाटलं जातं. जे त्या रात्री मेले नाहीत, पण नंतर कधी धड झोपलेही नाहीत, त्यांच्याबद्दल एक वाक्य मी आजवर कोणत्या भाषणात ऐकलेलं नाही.

हे आता जास्त टोचतं, त्याला कारण २०२५चा सप्टेंबर. धाराशिव जिल्ह्यात भूम-परंड्याकडे पुराने शिवारंच्या शिवारं खरवडून नेली, माणसं हेलिकॉप्टरने काढावी लागली. पाणी ओसरलं आणि पंचनामे सुरू झाले. हेक्टर लिहिले, दगावलेली जनावरं लिहिली, पडलेल्या भिंती लिहिल्या. तिकडच्या आमच्या एका पाहुण्याने पंचनामा करणाऱ्याला सांगितलं, की साहेब, पत्र्यावर पाऊस वाजला की रात्रभर डोळा लागत नाही. साहेब म्हणाले, त्याचा रकाना नाही. १९९३च्या भूकंपानंतर आमच्या उमरगा तालुक्यातही तो नव्हता. मधल्या काळात जगभरात झोपेवर मात्र इतकं संशोधन झालं, की रकाना नसण्याला आता अज्ञानाचं निमित्त पुरत नाही.

त्या संशोधनाची सुरुवातीची वर्षं मी भरभर उलटतो. १९५३मध्ये शिकागोत यूजीन असेरिन्स्की आणि नॅथॅनिएल क्लाइटमन यांनी झोपेतल्या डोळ्यांच्या झपाट्याच्या हालचाली नोंदवल्या, आणि झोप म्हणजे नुसतं बंद पडणं ही समजूत मोडली. पुढची तीन दशकं प्रयोगशाळांत मेंदूच्या आलेखांचे कागद मोजण्यात गेली. १९८०मध्ये अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांनी आघातानंतरच्या मनोविकाराला अधिकृत यादीत जागा दिली. १९८९मध्ये रिचर्ड रॉस आणि सहकाऱ्यांनी लिहिलं, की मोडलेली झोप हीच या विकाराची मुख्य खूण आहे. त्याच वर्षी १७ ऑक्टोबरला सॅन फ्रान्सिस्कोजवळ भूकंप झाला. तिथल्या विद्यार्थ्यांच्या दुःस्वप्नांची नोंद संशोधकांनी लगोलग तीन आठवडे ठेवली, लांबच्या ॲरिझोनातल्या विद्यार्थ्यांशी ताडून पाहिली, आणि १९९२मध्ये छापली. भूकंप अनुभवलेल्यांना दुःस्वप्नं जास्त पडत होती आणि त्यांत भूकंप वारंवार येत होता.

तो भूकंप संध्याकाळी पाचच्या सुमारास झाला होता. माणसं जागी होती, रस्त्यावर होती, मॅच बघत होती.

आमचा झाला पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी. गणपती नुकतेच बुडवले होते, पोरं नाचून दमलेली होती, आणि झोप गाढ होती. रात्रीच्या शेवटच्या प्रहरात स्वप्नांची झोप सगळ्यात दाट असते, हे आता शाळेच्या पुस्तकातही सापडेल. त्या वेळी ६.२ तीव्रतेच्या धक्क्याने दगड-मातीच्या रुंद भिंती आणि त्यांवरची मातीची जड माळवदं झोपलेल्या माणसांवर आली. लोहारा तेव्हा वेगळा तालुका नव्हता. सास्तूर आणि आसपासची गावं उमरग्यातच मोडायची. तिकडे औसा तालुक्यात किल्लारी, इकडे आमचा तालुका, असा तो मार होता. झोप काही पहिल्यांदाच उडाली होती असंही नाही. १९९२च्या ऑगस्टपासून किल्लारीत बारीक हादरे बसत होते. लोक घाबरून बोलत होते, आणि त्यांना घाबरू नका असं सांगितलं जात होतं.

१९९३ ते २००३ ही दहा वर्षं मी या भागात काढली, आणि सगळ्यात जास्त आठवतात त्या तिथल्या रात्री. आधी तंबू, मग पत्र्याच्या शेडा. पाऊस पत्र्यावर वाजायचा आणि माणूस धाडकन उठून बाहेर पळायचा. कुठे पेल्यावर पेला रचून ठेवत, हलला तर वाजेल म्हणून. घरात एकाने पाळीने जागल करायची, शेतात पिकाची करतात तशी. मग जागतिक बँकेच्या कर्जातून पुनर्वसन झालं, बावन्न गावं नव्या जागी वसली, सिमेंटच्या पक्क्या खोल्या मिळाल्या. अभियंते छाती पुढे काढून सांगायचे, ही भिंत पडणार नाही. भिंत पडलीही नाही. पण कितीतरी घरांत त्या खोलीत धान्य झोपायचं आणि माणसं अंगणात.

बायकांचं आणखी वेगळं. गडी बाज काढून उघड्यावर पडायचे. तरण्या सुना, वयात आलेल्या पोरी बाहेर कशा झोपणार? ज्या छताची भीती, त्याच छताखाली त्यांनी रात्री काढल्या. आघातानंतरचे त्रास बायकांत जास्त आढळतात असं संशोधक सांगतात, तेव्हा मला संप्रेरकांच्या आधी ही झोपायची व्यवस्था आठवते.

या काळात अभ्यास झालेच नाहीत असं म्हणणं अन्यायाचं होईल. १९९६मध्ये 'अमेरिकन जर्नल ऑफ सायकियाट्री'त आपल्या भूकंपग्रस्तांवर एक प्राथमिक अहवाल छापून आला. आरोग्य शिबिरात आलेल्या ४२ प्रौढांना तपासलं, तर ५९ टक्के लोकांत मनोविकार आढळला, मुख्यतः आघातानंतरचा ताणविकार आणि नैराश्य. प्रमाण बायकांत जास्त, घरदार गेलेल्यांत जास्त. पुण्याचे मनोविकारतज्ज्ञ डॉ. मोहन आगाशे, ज्यांना महाराष्ट्र 'घाशीराम कोतवाल'मधले नाना फडणवीस म्हणून ओळखतो, ते भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या प्रकल्पात प्रमुख संशोधक होते. भूकंपाचे मानसिक परिणाम हाच त्या प्रकल्पाचा विषय होता. एवढ्या मोठ्या देशात एका ग्रामीण आपत्तीकडे त्या नजरेने बघायला कोणीतरी बसलं, याचं मोल मी कमी करणार नाही.

राग आहे तो बाकीच्यांवर. पहिल्या वर्षी जीपगाड्या भरभरून लोक आले, फॉर्म भरून गेले. "रात्री झोप लागते का?" हा प्रश्न प्रत्येक फॉर्मात असायचा. आमची माणसं इमानदारीने उत्तर द्यायची, "नाही हो." विचारणारा खूण करायचा आणि पुढच्या प्रश्नाकडे वळायचा. त्या उत्तराचं पुढे काय झालं, हे सांगायला पारावर परत कोणी आलं नाही. शहाणी मंडळी गावातही होतीच. जे झालं ते झालं, मनावर घेऊ नका, देवाचं नाव घ्या, काम केलं की झोप लागते. दिवसभर खुरपून पाठ मोडलेली बाई पहाटे चारच्या आधी टक्क जागी होते, तिला कोणतं काम कमी पडत होतं?

मग दोन इलाज आपोआप आले. पहिला दारूचा. अनुदानाचा पैसा आणि बाटली एकाच रस्त्याने गावात शिरली. दारूने डोळा लवकर लागतो, पण ती पहिल्या प्रहरातली स्वप्नांची झोप दाबते, आणि उतरली की तीच झोप उसळून येते. म्हणजे दुःस्वप्न नेमकं पहाटे, त्याच वेळेला. दुसरा इलाज गोळीचा. कुणाच्या चिठ्ठीवर, कुणाच्या ओळखीवर झोपेची गोळी मिळायची आणि वर्षानुवर्षं चालायची. आठवड्या-दोन आठवड्यांसाठीचं औषध मीठ-मिरचीच्या डब्याशेजारी कायमचं जाऊन बसलं. सोडायला गेलं की आधीपेक्षा जास्त जागरण, म्हणून पुन्हा गोळी.

यात सगळ्यात जास्त सलतं ते हे, की वाट तेव्हाही माहीत होती. अमेरिकेत आर्थर स्पीलमन यांनी १९८७मध्येच मांडलं होतं, की झोप मोडणारं कारण एक असतं आणि ती मोडलेली ठेवणारी कारणं वेगळी. धक्का विरतो, मागे सवयी राहतात. दिवेलागणीलाच आडवं व्हायचं, दुपारी भरपाई करायची, रात्री घड्याळ बघत कूस बदलायची, आणि त्यातून अंथरूण हीच धास्तीची जागा होऊन बसते. रिचर्ड बूटझिन यांनी तर १९७२पासून सांगितलं होतं, झोप येईल तेव्हाच पडा, नाही आली तर उठा, सकाळी उठायची वेळ मात्र मोडू नका. २००१मध्ये बॅरी क्रॅको यांनी दुःस्वप्नांवरचा साधा उपाय पडताळून दाखवला. दिवसाउजेडी ते स्वप्न आठवायचं, त्याचा शेवट आपल्या मनासारखा बदलायचा आणि बदललेलं स्वप्न रोज थोडा वेळ मनात घोळवायचं. याला ना यंत्र लागतं ना शहर. शिकवणारं माणूस लागतं, आणि ते मराठीत बोलणारं लागतं. अंगणवाडी ताई, गावातली नर्सबाई हे शिकू शकल्या असत्या. आमच्या बावन्न गावांना घरांचे नकाशे मिळाले, ही चार वाक्यं मिळाली नाहीत.

२००३नंतरचं भराभर सांगतो. महाराष्ट्रात झोपेचं संशोधन घोरण्याकडे वळलं. मुंबईत डॉ. झरीर उदवाडिया यांच्या गटाने ६५८ पुरुष पाहिले आणि २००४मध्ये सांगितलं, की झोपेत श्वास अडण्याचा लक्षणांसकट विकार त्यांतल्या ७.५ टक्के पुरुषांत आहे. काम मोलाचं. त्याने शहरांतली डुलकी देणारी, रक्तदाब वाढलेली माणसं उपचाराला लागली. उमरग्याच्या माणसाला मात्र अशा तपासणीसाठी सोलापूर किंवा हैदराबादचा रस्ता धरावा लागतो. २०१६मध्ये अमेरिकी वैद्यकतज्ज्ञांच्या संघटनेने जुन्या निद्रानाशावर गोळीच्या आधी सवयी बदलण्याचे उपचार द्या, अशी शिफारस केली. दुःस्वप्नांवर ज्या प्राझोसिन गोळीकडून फार आशा होती, ती २०१८च्या मोठ्या चाचणीत साध्या साखरगोळीपेक्षा सरस ठरली नाही. थोडक्यात, विज्ञान फिरून बोलण्या-शिकवण्याकडेच आलं.

आणि आम्ही? रात्री शेतीची वीज येते म्हणून शेतकरी मोटारीपाशी जागा. हमरस्त्यावर रात्रभर ट्रक. रात्री दहानंतर भोंगे बंद हा २०००चा नियम कागदावर, आणि मिरवणुकीत डीजे छातीत धडधडतोय. ज्या बाईचं घर विसर्जनाच्या रात्री पडलं, तिच्या उंबऱ्यासमोर आपण विसर्जनालाच भिंती हादरवतो. याची लाज आपल्याला कधी वाटणार?

जमिनीतून गूढ आवाज आल्याच्या बातम्या अजून मधूनमधून येतात. २०२४च्या मार्चमध्ये हिंगोलीकडे ४.५चा धक्का बसला. दुसऱ्या दिवशी शास्त्रज्ञ सांगतात घाबरू नका, आणि विषय मिटतो.

मागणी फार लहान आहे. आपत्तीनंतरच्या पंचनाम्यात झोपेचा एक रकाना घाला, आणि ज्याच्या नावापुढे 'नाही' येईल त्याच्याकडे महिन्याने आणि वर्षाने पुन्हा जा. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात एका तरी माणसाला हे उपचार शिकवा. आणि वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या घरात अजून कोणी पहाटे चारच्या आत दचकून उठत असेल, तर त्याला देवाचं नाव जरूर घेऊ द्या, पण १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा सरकारी नंबरही लावून द्या. फोनला पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.