काचेवरचा रंग टिकवायचा कसा?



दिवाळीच्या स्टॉलला यंदा नवीन काय ठेवायचं, ही चर्चा आता गटागटांत सुरू होईल. रंगवलेले दिव्याचे ग्लास, बाटल्या, फोटोफ्रेम ही नावं त्यात निघतातच. भांडवल कमी लागतं, काम घरबसल्या होतं. पण एक गोष्ट आधी समजून घ्या. कापडात रंग मुरतो, काचेत मुरत नाही. तो नुसता वर बसतो. म्हणून घाईत रंगवलेला ग्लास स्टॉलवर छान दिसतो आणि गिऱ्हाइकाच्या घरी पहिल्यांदा पुसताच खपली निघते. ते गिऱ्हाईक पुढच्या वर्षी आपल्याकडे वळतं का? तुम्हीच सांगा.

साहित्य काय घ्यायचं?
ग्लास कलर दोन प्रकारचे मिळतात. पाण्यात मिसळणारे रंग शिकायला सोपे, ब्रश पाण्याने धुता येतो. दुसरे थिनरचे. ते चकाकतात, पण वास उग्र असतो आणि थिनर पटकन पेट घेतो. त्यामुळे चुलीजवळ किंवा गॅसजवळ हे काम करायचं नाही. दारं-खिडक्या उघड्या ठेवायच्या, बाटली लेकरांच्या हाताला लागू द्यायची नाही. याशिवाय आउटलाइनची ट्यूब, बारीक ब्रश, कापूस, स्पिरिट आणि टाचणी लागते. भिंतीचा उरलेला रंग वापरू नका, त्यातून उजेड आरपार जात नाही.

काम कसं करायचं?
१. जुन्या बाटलीचं लेबल कोमट पाण्यात भिजवून काढा. चिकटपणा राहिला तर खोबरेल तेल चोळा आणि साबणाने धुवा.
२. काच कोरडी करून स्पिरिटच्या कापसाने पुसा. नंतर रंगवायच्या जागी बोट लावू नका. हाताचा तेलकटपणा राहिला की तिथला रंग सुटतो.
३. कागदावरचं चित्र काचेच्या आतून चिकटवा आणि बाहेरून ट्यूबने गिरवा. रेघ कुठेही तुटू देऊ नका, शेतातल्या बांधासारखी ती रंग अडवते. ती पूर्ण वाळू द्या.
४. आता रंग भरा. ब्रश घासायचा नाही, थेंब सोडून पसरवायचा. बुडबुडा आला तर टाचणीने फोडा. गोल ग्लास आडवा ठेवून एक बाजू वाळली की मगच दुसरी करा, नाहीतर रंग ओघळतो.
५. किमान एक दिवस धूळ लागणार नाही अशा जागी वाळवा. हवा दमट असेल तर जास्त वेळ द्या.

फोटोफ्रेमसाठी आणखी चांगली पद्धत आहे: काचेच्या मागून रंगवायचं. तंजावरला देवांची चित्रं अशीच रंगवत. यात सगळं उलट्या क्रमाने येतं. आधी डोळे, दागिने अशी बारीक कामं, मग कपडे आणि शेवटी मागचा रंग. 'शुभ दीपावली' लिहायचं तर अक्षरंही उलटी काढावी लागतात. पण पुसताना हात लागतो तो कोऱ्या काचेला, रंग मागे सुरक्षित राहतो.

विकण्याआधी
दिव्याचा ग्लास रुंद तोंडाचा घ्या, रंग बाहेरूनच द्या. एका नमुन्यात तासभर दिवा लावून बघा. रंग मऊ पडला तर तो माल विकू नका. जिथे अन्न किंवा ओठ लागतात तिथे हे रंग चालत नाहीत, म्हणून पाणी-सरबताच्या ग्लासाची ऑर्डर घेऊ नका. प्रत्येक वस्तूसोबत चिठ्ठी द्या: 'फक्त शोभेसाठी. कोरड्या मऊ कापडाने पुसा.'

किंमत ठरवताना आपली मजुरी विसरू नका. समजा, ग्लास 25 रुपये, रंग 15, पॅकिंग 5 आणि पाऊण तासाची मजुरी 45. झाले 90 रुपये. फुटतूट आणि स्टॉलचा खर्च यावर वेगळा. शेजारचा स्टॉल 60 ला देतो म्हणून आपणही दिला, तर घरची मजुरी फुकट गेली. आणि 'उद्याच हवेत' अशी ऑर्डर आली तर सरळ नाही म्हणा, वाळायचा वेळ कमी करता येत नाही.

सुरुवातीला गटाचे जास्त पैसे गुंतवू नका. पाच ग्लास करा, आठवडाभर घरात वापरा, पुसा. रंग टिकला की मग पुढच्या बैठकीत ठराव घ्या. नमुने घेऊन या, आपण मिळून बघू.