बिडी सुटली, वेप आली, हिरड्यांचं काय?

बिडी सोडून वेप ओढणारा म्हणतो, धूर गेला, दात वाचले. डाग कमी होतात, हे खरं. पण बहुतेक वेपमध्ये निकोटिन असतंच. त्याने हिरड्यांतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात. आत रोग वाढतो, रक्त मात्र फारसं दिसत नाही. वाफेने तोंड कोरडं पडतं, आणि लाळ कमी झाली की दात किडतात. पाचवं शील म्हणताना आपल्याला दारू आठवते, निकोटिन नाही! २०१९ पासून देशात वेपच्या विक्रीवर बंदी आहे, तरी चोरून मिळते.

बिडी किंवा वेप सुटल्यावर काही दिवस ब्रश करताना रक्त येऊ शकतं. घाबरून पुन्हा ओढू नका. दबलेला आजार आता दिसू लागलाय. सरकारी रुग्णालयात दातांच्या डॉक्टरांना दाखवा. सोडायला मदत हवी तर १८००-११-२३५६ वर फोन करा, पैसे पडत नाहीत.