विश्लेषण : बोटीत राहूनच बोटीची दुरुस्ती, ब्रिटनच्या कालव्यांवरचा हा खटाटोप जोखमीचा का?

घरात नुसते रंगकाम काढले तरी मुक्काम नातेवाईकांकडे हलवावा लागतो. ब्रिटनच्या कालव्यांवर मात्र हजारो लोक बोटीत राहतात आणि त्यातले अनेक जण सुतारकामापासून वायरिंगपर्यंत सगळे स्वतःच करतात. जुनी बोट स्वस्तात घ्यायची आणि तिच्यातच राहून ती सुधारायची, असा हा हिशेब. पण तो चुकला तर थेट जिवावर बेतू शकते. कसे, ते समजून घेऊ.

नॅरोबोट म्हणजे काय?

इंग्लंडच्या अनेक जुन्या कालव्यांवरील जलपाशांची (लॉक) रुंदी जेमतेम ७ फूट आहे. त्यामुळे या बोटींची रुंदी साधारण ६ फूट १० इंच असते. लांबी ५०-६० फूट असली, तरी आतली जागा रेल्वेच्या डब्यापेक्षाही चिंचोळी. स्वयंपाकघर उखडले की भांडी पलंगावर येतात आणि लाकडाचा भुसा अंथरुणात.

१४ दिवसांचा नियम काय आहे?

इंग्लंड आणि वेल्समधील सुमारे ३,२०० किलोमीटरचे जलमार्ग 'कॅनाल अँड रिव्हर ट्रस्ट' ही संस्था सांभाळते. बोट उभी करण्याची कायमची जागा नसेल, तर १९९५ च्या कायद्यानुसार एका ठिकाणी सलग १४ दिवसांपेक्षा जास्त थांबता येत नाही. म्हणजे इंजिन खोलून महिनाभर ठेवण्याची सोय नाही. प्लायवूड मागवायचे तर त्या आठवड्यात बोट कुठे असेल, हे आधी ठरवावे लागते.

ड्रिल चालवणेही अवघड का?

बोटीतील वीज बहुधा १२ व्होल्ट बॅटरीवर चालते. १,२०० वॅटचे कटिंग मशीन इन्व्हर्टरवर लावले, तर बॅटरीतून १०० अँपिअरहून अधिक प्रवाह खेचला जातो. तार बारीक असेल तर ती तापते आणि आगीचा धोका वाढतो. थर्माकोलसारख्या इन्सुलेशनला चिकटून नेलेल्या पीव्हीसी तारांचे आवरणही काही वर्षांत कडक होऊन तडकते.

वजनाचेही गणित असते. लोखंडी शेगडी एका बाजूला सरकवली की बोट त्या बाजूला कलते. मग जमिनीखाली ठेवलेल्या विटा आणि फरशा पुन्हा मांडाव्या लागतात.

सर्वात मोठा धोका कोणता?

गॅस आणि धूर. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. घरात तो दाराखालून बाहेर जाऊ शकतो; बोटीत मात्र तळाशी साचून राहतो. म्हणूनच सिलिंडरच्या कप्प्याला थेट बाहेर उघडणारे छिद्र लागते.

कार्बन मोनॉक्साइडला तर वासही नसतो. हिवाळ्यात थंडी लागते म्हणून हवेच्या झडपा बुजवणे जीवघेणे ठरू शकते. एप्रिल २०१३ मध्ये विंडरमिअर सरोवरातील एका मोटरबोटीत मायलेकींचा असाच मृत्यू झाला. बोटीत बसवलेल्या पोर्टेबल जनरेटरला धूर बाहेर सोडण्यासाठी घरगुती जुगाड केलेला होता. तो जोड निसटला आणि धूर केबिनमध्ये शिरला. बोटीवर विषारी वायू ओळखणारी यंत्रणा होती, पण तिला वीजजोडणीच नव्हती.

एप्रिल २०१९ पासून राहण्याची जागा असलेल्या बोटींच्या सुरक्षा तपासणीत कार्बन मोनॉक्साइड अलार्म सक्तीचा झाला. ही तपासणी दर चार वर्षांनी होते. तिचे प्रमाणपत्र आणि विमा नसेल तर परवाना मिळत नाही.

कामाचा क्रम कसा असावा?

- आधी तळ : बोट पाण्याबाहेर काढून पोलादाची जाडी मोजून घ्यावी. अनेक विमा कंपन्या किमान ४ मिलिमीटर जाडी मागतात. गंज रोखण्यासाठी दर दोन-तीन वर्षांनी डांबरी लेप द्यावा लागतो.
- वेल्डिंग अस्तराआधी : आतले इन्सुलेशन उष्णतेने पेट घेऊ शकते.
- मग गॅस आणि वीज : गॅसचे काम नोंदणीकृत तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावे.
- शेवटी कपाटे आणि रंग : एका वेळी एकच भाग उघडावा, झोपायची जागा आणि अलार्म मात्र कायम चालू स्थितीत ठेवावेत.

नवे बोटमालक अनेकदा हा क्रम उलटा करतात. स्वयंपाकघर चकाचक होते आणि नंतर तळ पातळ निघाला, की तेच फर्निचर उखडून वेल्डरला वाट करून द्यावी लागते.